हापशाचा दांडा

पाणी गोड होते, ही त्या हापशाची ख्याती. लंडनच्या सोहो भागात ब्रॉड स्ट्रीट नावाच्या रस्त्यावर तो उभा होता आणि आजूबाजूच्या गल्ल्या त्याच्यावर जगत होत्या. त्या भागात दुसरे हापसे नव्हते असे नाही. जवळच मार्लबरो स्ट्रीटवर एक होता, पण त्याचे पाणी इतके खराब की तिथले रहिवासीही भांडी घेऊन ब्रॉड स्ट्रीट गाठीत. इथले पाणी थंड, नितळ, जिभेला किंचित चुरचुरणारे. गुत्त्यांत ते दारूत मिसळले जाई, खानावळीत जेवणाबरोबर ठेवले जाई आणि लहानसहान दुकानांतून त्यात पूड घालून फसफसते सरबतही विकले जाई. १८५४ च्या ऑगस्टअखेरीस या गोड पाण्याने दहा दिवसांत पाचशेहून अधिक माणसे मारली.

या प्रकरणाची गोष्ट आपल्यापैकी अनेकांनी शाळेत ऐकलेली असते. जॉन स्नो नावाच्या डॉक्टरने नकाशा काढला, त्यावर मृत्यूंच्या खुणा केल्या, सगळ्या खुणा एका हापशाभोवती गोळा झालेल्या दिसल्या, त्याने हापशाचा दांडा काढायला लावला आणि पटकी थांबली. गोष्ट छान आहे, पण जरा जास्तच छान आहे. खऱ्या घटनेत नकाशा मागाहून आला, दांडा काढला तेव्हा साथ ओसरू लागली होती आणि दांडा काढणाऱ्यांपैकी बहुतेकांचा स्नोच्या म्हणण्यावर विश्वास नव्हता. एवढे सगळे वजा केल्यावर जो माणूस उरतो, तो मला त्या शाळेतल्या गोष्टीतल्या डॉक्टरपेक्षा मोठा वाटतो.

यॉर्क शहरात, ऊझ नदीकाठच्या गरीब वस्तीत, १५ मार्च १८१३ रोजी एका मजुराच्या घरी त्याचा जन्म झाला. नऊ भावंडांत हा थोरला. गणितात हुशार होता, म्हणून चौदाव्या वर्षी आईबापांनी त्याला न्यूकॅसलच्या एका शल्यवैद्याकडे उमेदवारीला धाडले. तिथे असतानाच सतराव्या वर्षी एक पुस्तक वाचून त्याने मांसाहार सोडला, पुढे दारू न पिण्याची शपथ घेतली, आणि पाणी प्यायचे तेही वाफ करून, ती वाफ थंड करून मिळवलेले, असा नेम धरला. सोबतीच्या मुलांना हे खूळ वाटत असणार. पण ज्याने पुढे आयुष्य पाण्यामागे घालवले, त्याने ऐन तारुण्यात साध्या पाण्यावर अविश्वास दाखवला होता, ही नोंद करून ठेवण्यासारखी गोष्ट आहे.

पटकीशी त्याची पहिली गाठ अठराव्या वर्षी पडली. हा रोग आपल्याकडचा. १८१७ मध्ये बंगालमधल्या जेसोर भागातून त्याची मोठी साथ उठली, आणि पुढच्या काही वर्षांत व्यापाराच्या व लष्कराच्या वाटांनी तो जगभर हिंडू लागला. १८३१ च्या शरदात तो इंग्लंडच्या ईशान्य किनाऱ्यावर सुंदरलँड बंदरात उतरला आणि तिथून खाणींच्या गावांत शिरला. किलिंगवर्थच्या कोळसा खाणीत माणसे पटापट आजारी पडू लागली, तेव्हा वैद्याने आपल्या या उमेदवाराला एकट्याला तिकडे पाठवले. औषध असे काही नव्हतेच. पण तिथे पाहिलेली एक गोष्ट त्याच्या मनात रुतून बसली असावी, कारण पुढे सतरा-अठरा वर्षांनी लिहिताना त्याने ती पुन्हा काढली. खाणकामगार आठ-नऊ तास जमिनीखाली असत. खाली संडास नव्हते. जेवण बरोबर नेलेले असे आणि ते काळ्या, न धुतलेल्या हातांनीच खाल्ले जाई. म्हणजे एकाच्या पोटातला मैला दुसऱ्याच्या तोंडात जायला खाणीत फारसे अंतर कापावे लागत नव्हते.

१८३६ मध्ये तो लंडनला आला, आणि तोही लांबचा वळसा घेऊन, वेल्समधून पायी. वैद्यकीच्या परीक्षा दिल्या, सोहोतल्या फ्रिथ स्ट्रीटवर दवाखाना थाटला, १८४४ मध्ये लंडन विद्यापीठाची एम.डी. मिळवली. आवाज घोगरा, स्वभाव बुजरा, लग्न केले नाही. श्रीमंत रोग्यांना गोड बोलून धरून ठेवण्याची कला त्याच्याजवळ नव्हती आणि पहिल्या वर्षांत प्राप्तीही बेताची होती. नशीब उघडले ते भुलेच्या औषधाने. १८४६ च्या अखेरीस अमेरिकेतून ईथरची बातमी इंग्लंडात आली, आणि त्यानंतर वर्षाच्या आत स्नोचे ईथरवर पुस्तक निघाले. किती उष्णतेला हवेत किती ईथर मावते, रोग्याला किती द्यावे, बेशुद्धीच्या पायऱ्या कोणत्या, हे सारे त्याने मोजून मांडले. पाठोपाठ क्लोरोफॉर्म आले. त्यातही तोच अव्वल ठरला. ७ एप्रिल १८५३ रोजी राणी व्हिक्टोरियाच्या बाळंतपणात त्याने रुमालावर थेंब टाकून ५३ मिनिटे तिला क्लोरोफॉर्म दिले आणि चार वर्षांनी पुढच्या बाळंतपणातही त्यालाच बोलावणे आले. मजुराचा मुलगा राजवाड्यात पोचला. तिथेच थांबला असता तरी त्याचे नाव वैद्यकाच्या इतिहासात राहिले असते.

पण या भुलेच्या धंद्यानेच त्याला दुसऱ्या वाटेने नेले, असे मला वाटते. त्या काळी पटकी कशाने होते याचे उत्तर ठरलेले होते, ते म्हणजे घाणेरड्या हवेने. कुजणाऱ्या घाणीतून विषारी वाफा उठतात, त्या श्वासातून शरीरात जातात आणि माणूस मरतो. सार्वजनिक आरोग्याचा अध्वर्यू एडविन चॅडविक हेच मानीत होता, डॉक्टर, संपादक, मंत्री सगळे हेच मानीत होते. आपण हसू नये. आपल्याकडे पटकी आली की मरीआईचा गाडा गावाच्या शिवेपलीकडे नेऊन सोडीत. लंडनच्या शहाण्यांची देवी अदृश्य होती आणि तिचे नाव दुर्गंधी होते, एवढाच फरक. स्नो मात्र रोज वायू आणि वाफाच हाताळीत होता. वाफ मोकळ्या हवेत गेली की किती झपाट्याने विरते, दोन-चार हातांवर तिचा जोर कसा संपतो, हे त्याला प्रयोगाने ठाऊक होते. एखाद्या गटारातून उठलेली वाफ रस्ताभर पसरून एका घराला मारते आणि शेजारच्या घराला सोडून देते, हे त्याच्या गणितात बसेना. शिवाय जो माणूस सगळ्यात जास्त घाण हुंगतो, तो भंगी किंवा कातडी कमावणारा, सगळ्यांच्या आधी मरायला हवा. तसे होत नव्हते.

दुसरा धागा त्याने रोगाच्याच अंगातून काढला. श्वासातून गेलेले विष आधी फुफ्फुसांत किंवा रक्तात खुणा दाखवील, ताप आणील. पटकीचा रोगी मात्र पहिल्या घटकेपासून पोटाचा रोगी असतो. जुलाब, वांत्या, अंगातले पाणी निघून गेल्याने दाट झालेले रक्त, निळे पडलेले ओठ, हा सगळा क्रम पोटापासून सुरू होतो. तेव्हा विष तोंडावाटे आत जात असले पाहिजे, आतड्यात वाढत असले पाहिजे आणि मैल्यावाटे बाहेर पडत असले पाहिजे. मैला पाण्यात गेला, ते पाणी दुसऱ्याने प्यायले, की साखळी पुरी. लंडनमध्ये १४ हजारांहून अधिक माणसे मारणाऱ्या १८४८-४९ च्या साथीत, १८४९ च्या ऑगस्टमध्ये, त्याने एक छोटी पुस्तिका छापून हे मांडले. जंतूचे नाव नाही, सूक्ष्मदर्शकाखाली काही सापडलेले नाही, नुसता तर्क. परीक्षण करणाऱ्यांनी कौतुक केले, पण सिद्ध काय झाले, असे विचारले. प्रश्न रास्त होता, आणि स्नोलाही तो रास्त वाटला असावा, कारण पुढची पाच वर्षे त्याने त्याचेच उत्तर शोधण्यात घालवली.

उत्तर त्याला दक्षिण लंडनमध्ये दिसले. तिथे दोन खासगी कंपन्या एकाच रस्त्यावर नळ टाकून पाणी विकत होत्या. दोघी पूर्वी शहराच्या ऐन पोटातून, थेम्सच्या घाणीतून, पाणी उचलीत. १८५२ मध्ये लँबेथ कंपनीने आपला उपसा नदीच्या वरच्या अंगाला, थेम्स डिटनला, गटारांच्या पलीकडे नेला. साउथवर्क अँड व्हॉक्सहॉल कंपनी बॅटरसीलाच राहिली. तीन लाख माणसे, श्रीमंत-गरीब, म्हातारी-तान्ही, एकाच हवेत राहणारी, न विचारता दोन गटांत वाटली गेली होती. एक गट स्वच्छ पाणी पीत होता आणि दुसरा लंडनचा मैला. कोणत्याही शास्त्रज्ञाला मुद्दाम मांडता आला नसता असा हा प्रयोग नफ्यातोट्याच्या हिशेबाने आपोआप मांडला गेला होता. उरले होते ते घरोघर जाऊन विचारणे.

१८५४ च्या उन्हाळ्यात पटकी परत आली तेव्हा स्नो मृतांचे पत्ते घेऊन दारोदार फिरू लागला. राजवाड्यात भूल देणारा हा डॉक्टर, दिवसाचे काम आटोपून दक्षिण लंडनच्या बोळांत विचारीत असे की तुमचे पाणी कुठल्या कंपनीचे? पुष्कळांना ठाऊकच नसे. भाडेकरू राहतो, पाणीपट्टी घरमालक भरतो, मालक भलतीकडेच. त्यावर त्याने युक्ती काढली. बॅटरसीपर्यंत समुद्राच्या भरतीचे पाणी येई, त्यात गटारेही मिळत, म्हणून तिथल्या पाण्यात मीठ जास्त. सिल्व्हर नायट्रेटचे थेंब टाकले की ते पांढरे धोट होई, आणि डिटनचे पाणी जेमतेम गढुळे. मिठाचे प्रमाण मोजले तर फरक जवळजवळ चाळीस पट. मग काय, प्रत्येक दारात एक बाटली भरून घ्यायची आणि घरी जाऊन तपासायची. साथीच्या पहिल्या सात आठवड्यांचा हिशेब असा निघाला की घाण पाणी देणाऱ्या कंपनीच्या दर दहा हजार घरांमागे ३१५ मृत्यू आणि लँबेथच्या दर दहा हजार घरांमागे ३७.

हे काम अर्धवट असतानाच, ३१ ऑगस्टच्या रात्री, सोहोत स्फोट झाला. स्नो आता सॅकव्हिल स्ट्रीटला राहत होता, म्हणजे ब्रॉड स्ट्रीटपासून चार पावलांवर. गुरुवारी रात्री सुरुवात झाली आणि शनिवारपर्यंत घरेच्या घरे बसली. ज्यांना जमले ती माणसे कुलपे लावून पळाली. आठवड्याच्या आत त्या गल्ल्यांतली तीन-चतुर्थांश वस्ती रिकामी झाली. अधिकाऱ्यांनी रस्त्यांवर चुन्याचे क्लोराइड पसरले, वास मारण्यासाठी. ही पांढरी भुकटी म्हणजे आपली ब्लीचिंग पावडर. आज आपल्या खेड्यात ग्रामपंचायतीचा माणूस टीसीएल म्हणून जी विहिरीत टाकतो, त्याच घराण्यातली. सोहोत त्या आठवड्यात औषध रस्त्यावर पडलेले होते आणि विष हापशात होते. दोघांत अंतर काही हातांचे. भुकटी हापशाच्या विहिरीत टाकावी हे सुचायला ज्या एका गोष्टीची गरज होती, ती कोणी मानायलाच तयार नव्हते. पिण्याच्या पाण्यात क्लोरीन नेमाने घालण्याची पद्धत रुळायला विसावे शतक उजाडले. अमेरिकेतल्या जर्सी सिटीने ती मोठ्या प्रमाणावर सुरू केली १९०८ साली.

स्नोने हापशाचे पाणी बाटलीत घेऊन पाहिले. त्यात काही पांढरे कण तरंगताना दिसले, बाकी पाणी जवळपास स्वच्छ. इथे दुसरा कोणी असता तर संशय सोडून दिला असता. त्याने त्याऐवजी मृत्युनोंदणी कार्यालयातून यादी आणली. शेवटच्या तीन दिवसांत त्या भागात ८३ मृत्यू नोंदले होते. तो एकेका पत्त्यावर गेला. ७३ घरे याच हापशाच्या जवळची निघाली, आणि त्यांतल्या ६१ जणांच्या घरच्यांनी सांगितले की मृत माणूस हे पाणी नेहमी किंवा अधूनमधून पीत असे. उरलेले दहा जण दुसऱ्या हापशांच्या जवळचे. त्यांतल्या पाचांच्या घरी पाणी मुद्दाम ब्रॉड स्ट्रीटवरून येई, आणि तीन होती मुले, ज्यांची शाळेची वाट याच हापशावरून जात होती. अशी विचारपूस करायला कोणते यंत्र लागत नाही, लागते ते एवढेच की नुकते मढे उचललेल्या घराचे दार वाजवायचे आणि आतल्या माणसाला पाण्याबद्दल विचारायचे. त्या बुजऱ्या माणसाने ते कसे केले असेल, याचा विचार माझ्या मनातून जात नाही.

खरी करामत मात्र अपवादांत होती. हापशाच्या जवळ राहून न मेलेले कोण, आणि दूर राहून मेलेले कोण? पोलंड स्ट्रीटवर गरिबांचे श्रमगृह होते, ५३५ माणसे कोंबलेली, भोवती सगळीकडे मृत्यू. हवेने मरायचे तर हीच आधी मरायची. तिथे मेली फक्त पाच. श्रमगृहाच्या आवारात स्वतःची विहीर होती, कंपनीचा नळ होता, हापशावर कोणी जात नसे. ब्रॉड स्ट्रीटवरच बिअरचा कारखाना होता, सत्तरेक कामगार, एकही मेला नाही. त्यांना बिअर फुकट मिळे आणि पाणी लागलेच तर कारखान्याची वेगळी विहीर होती. दारू न पिण्याची शपथ घेतलेल्या स्नोला हा पुरावा लिहून घ्यावा लागला, आणि त्याने तो लिहिला. त्याच रस्त्यावर बंदुकीच्या टोप्या बनवणारा कारखाना होता. तिथे दोनशे कामगारांसाठी हापशाच्या पाण्याची दोन पिंपे भरून ठेवीत. तिथले अठरा मेले.

आणि मग हॅम्पस्टेडची म्हातारी. हॅम्पस्टेड म्हणजे टेकडीवरचे, स्वच्छ हवेचे उपनगर, तिथे पटकी नव्हती. तरी एक विधवा बाई २ सप्टेंबरला पटकीने गेली. स्नोने तिच्या मुलाकडे चौकशी केली. बाई पूर्वी ब्रॉड स्ट्रीटला राहत होती आणि तिला तिथल्याच पाण्याची चव लागली होती. म्हणून कारखान्याच्या गाडीबरोबर रोज एक मोठी बाटली भरून तिच्याकडे जाई. भेटीला आलेली तिची भाची तेच पाणी प्यायली, इझलिंग्टनला आपल्या घरी परतली आणि तिथे मेली. त्या भागातही पटकी नव्हती. हवेचा सिद्धान्त मानणाऱ्याने या दोन मरणांचे काय करायचे? जुन्या घराच्या पाण्याची ओढ किती खरी असते हे आपल्याला वेगळे सांगायला नको. गावाकडचा माणूस शहरात चाळीस वर्षे राहिला तरी आडाच्या पाण्याची चव विसरत नाही. पावडर टाकलेल्या विहिरीला वास येतो म्हणून ती सोडून लांबच्या, गोड पाण्याच्या ओढ्याकडे वळणाऱ्या बायका मी पाहिल्या आहेत. त्यांना अडाणी म्हणणे सोपे आहे. जीभ हजारो वर्षे आपल्याला बहुतेक वेळा खरे सांगत आली आहे, म्हणूनच ती एकदा खोटे बोलली की पकडता येत नाही.

७ सप्टेंबरच्या संध्याकाळी सेंट जेम्स पॅरिशच्या पंचांची बैठक भरली होती. स्नो तिथे गेला आणि आपले आकडे मांडले. पंचांना ते पटले असे नाही, पण दुसरा काही उपायही सुचत नव्हता. दुसऱ्या दिवशी हापशाचा दांडा काढला. लोकांनी कुरकुर केली. तोवर साथ उतरणीला लागली होती, माणसे मेली तरी होती किंवा पळाली तरी होती, आणि ही गोष्ट स्नोने स्वतःच स्वच्छ लिहून ठेवली. दांडा काढल्याने साथ थांबली, असा दावा त्याने केलेला नाही. त्याच्या नावाने तो आपण करतो.

त्याच्या सर्वात मोठ्या पुराव्याचा शोध लावला तो त्याच्या विरोधकाने. हेन्री व्हाइटहेड नावाचा अठ्ठावीस वर्षांचा पाद्री याच गल्ल्यांत काम करीत होता. मरणाऱ्यांच्या उशाशी बसून त्याने ते दहा दिवस काढले होते. वस्तीतले घर अन् घर, माणूस अन् माणूस त्याला ठाऊक. स्नोचे म्हणणे ऐकून तो चिडलाच, कारण त्याने डोळ्यांदेखत अशी माणसे पाहिली होती की जी आजारात त्याच हापशाचे पाणी भरपूर प्यायली आणि वाचली. स्नोला खोटे पाडायचे म्हणून त्याने चौकशी मांडली. एकेका घरी तीन-तीन, चार-चार वेळा गेला. बाहेरच्या डॉक्टरला पळून गेलेली माणसे सापडत नव्हती, याला सापडत होती, कारण कोणाची बहीण कुठे राहते हे याला माहीत होते. ब्रॉड स्ट्रीटच्या रहिवाशांचा त्याने लावलेला हिशेब असा होता. हापशाचे पाणी प्यायलेले १३७, त्यांपैकी आजारी पडले ८०. न प्यायलेले २९७, त्यांपैकी आजारी २०. खोटे पाडायला निघालेला माणूस आकडे हातात घेऊन स्नोच्या बाजूला येऊन उभा राहिला. प्रामाणिकपणाची अशी उदाहरणे कमी असतात, आणि असली तरी नाव होते ते दुसऱ्याचेच.

पण एक भोक राहिले होते. विहिरीत विष गेले कुठून? पॅरिशच्या समितीने विहीर तपासली होती, काही सापडले नव्हते. १८५५ च्या वसंतात मृत्यूच्या नोंदी चाळताना व्हाइटहेडची नजर एका ओळीवर पडली. ब्रॉड स्ट्रीट, घर क्रमांक ४०. पाच महिन्यांची मुलगी, जुलाबाने २ सप्टेंबरला मृत्यू, त्याआधी चार दिवस आजारी. म्हणजे साथीच्या आधीपासून. आणि हे घर हापशाच्या अगदी समोरचे. तो आईकडे गेला. तिने सांगितले की दुपटी बादलीत बुचकळून ते पाणी घराच्या पुढच्या बाजूच्या मैल्याच्या खड्ड्यात ओतत होते. मग खणले. खड्ड्याच्या विटा निसटलेल्या, मैला मातीत झिरपत होता, आणि विहिरीची भिंत तिथून तीन फूटसुद्धा दूर नव्हती.

त्या नोंदींत आणखी एक तारीख दडलेली होती. मुलीचा बाप, पोलीस शिपाई, ८ सप्टेंबरला आजारी पडला आणि १९ तारखेला गेला. त्याच्याही बादल्या त्याच खड्ड्यात रित्या झाल्या असणार. ८ सप्टेंबर म्हणजे दांडा निघाला तोच दिवस. तो निघाला नसता तर गावी पळालेली माणसे परत येऊन पुन्हा त्याच हापशावर उभी राहिली असती. दांड्याने पहिली साथ थांबवली नाही हे खरे, दुसरी येऊ दिली नाही हेही बहुधा तितकेच खरे.

पॅरिशच्या समितीने १८५५ मध्ये हापशावर दोष ठेवला. सरकारच्या आरोग्य मंडळाने मात्र तपासाअंती ठरवले की पाण्याला दोष देण्यासारखे काही दिसत नाही. लोकांच्या मागणीवरून पुढे हापशाला दांडा परतही बसवला गेला. स्नोने आपल्या पुस्तिकेचे मोठे पुस्तक केले, त्यात नकाशा छापला, पदरचे दोनशेहून अधिक पौंड घातले आणि विक्रीतून तितके शिलिंगसुद्धा उभे राहिले नाहीत. त्याच वर्षी त्याने आणखी एक अप्रिय काम केले. हाडे उकळणारे, साबण बनवणारे असे वासाचे कारखाने बंद करण्याचा कायदा येत होता. स्नोने संसदेच्या समितीपुढे साक्ष दिली की वास घाण असेल, पण त्याने साथी पसरत नाहीत. वैद्यकीच्या बड्या साप्ताहिकाने, लॅन्सेटने, त्याची यथेच्छ टर उडवली. घाण करणाऱ्यांचा कैवारी म्हणून त्याला हिणवले गेले. आजच्या कारखान्यांच्या धुराचा विचार मनात आला की त्याची ती साक्ष मलाही जरा टोचते. पण पटकीपुरते तो बरोबर होता.

१० जून १८५८ रोजी क्लोरोफॉर्मवरचे पुस्तक लिहीत असताना त्याला पक्षाघाताचा झटका आला आणि १६ तारखेला तो गेला. वय ४५. लॅन्सेटने दोन-तीन ओळींत बातमी दिली, त्यात क्लोरोफॉर्मचा उल्लेख होता, पटकीचा नव्हता. ती चूक त्या नियतकालिकाने दुरुस्त केली २०१३ साली, त्याच्या द्विशताब्दीला.

तो मेला त्याच उन्हाळ्यात थेम्स इतकी नासली की संसदेच्या खिडक्यांवर चुन्याच्या क्लोराइडात भिजवलेले पडदे लावावे लागले. वासाने हैराण झालेल्या सभासदांनी काही आठवड्यांत शहराच्या भुयारी गटारांना पैसे मंजूर केले आणि जोसेफ बॅझलजेटने ती बांधली. कारण चुकीचे, काम बरोबर. मुंबईतही पाणी नळाने आले ते रोगाच्या भीतीपेक्षा टंचाईमुळे. स्नो दारोदार फिरत होता त्याच १८५४ साली मुंबईत पाऊस कमी पडला, विहिरी-तळी आटली, त्यातून विहार तलावाची योजना उभी राहिली आणि १८६० मध्ये ते पाणी शहरात पोचले.

लंडनमध्ये पटकी १८६६ ला आणखी एकदा आली, पूर्व भागात. या वेळी विल्यम फार सावध होता. फार म्हणजे मृत्युनोंदणी कार्यालयातला तोच आकडेतज्ज्ञ, ज्याच्या याद्या स्नोने वापरल्या. जमीन नदीपासून जितकी उंच तितकी पटकी कमी, असे आकड्यांनी दाखवून त्याने एकेकाळी हवेचा सिद्धान्त बळकट केला होता. आता त्याने पहिल्या आठवड्यातच विचारले की या घरांना पाणी कोणाचे? एकाच कंपनीचे निघाले, आणि तिने उघड्या, न गाळलेल्या तळ्यातले पाणी नळात सोडले होते. उकळून प्या, अशा सूचना लागल्या. रॉबर्ट कॉखने इजिप्तमध्ये आणि मग कलकत्त्यात १८८३-८४ मध्ये जंतू हुडकून काढला, तोवर स्नोला जाऊन पाव शतक लोटले होते. इटलीच्या फिलिप्पो पाचिनीने तो जंतू १८५४ सालीच फ्लॉरेन्समध्ये पाहून छापला होता, पण त्याच्याकडेही कोणी लक्ष दिले नव्हते.

ब्रॉड स्ट्रीटचे नाव आता ब्रॉडविक स्ट्रीट आहे. कोपऱ्यावर जॉन स्नोच्या नावाचा गुत्ता आहे, दारू न पिणाऱ्याच्या नावाचा, आणि समोर बिनदांड्याच्या हापशाची प्रतिकृती उभी आहे. व्हाइटहेड पुढे लंडन सोडून उत्तरेच्या खेड्यांत पाद्री म्हणून गेला आणि १८९६ मध्ये वारला. स्नोशी त्याची ओळख जेमतेम चार वर्षांची, आणि तीही भांडणातून झालेली. त्याच्या अभ्यासाच्या खोलीत शेवटपर्यंत स्नोचे चित्र टांगलेले होते.